चाळीस हजारांत कुठला बेस सिंथ घेऊ?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "दादा, मी बावीस वर्षांचा. दिवसा उद्यमनगरात वडिलांच्या वर्कशॉपमध्ये असतो, रात्री लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये हाउस (क्लबमधलं नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत) बनवतो. हेडफोनवर बेस एकदम भरीव लागतो, पण मित्राच्या डॉल्बीवर लावला की नुसती गुरगुर होते आणि किक (ड्रमचा मुख्य ठोका) गायब. चाळीस हजार साठवलेत. ३०३सारखं काही घेऊ, मूगसारखं घेऊ, की आणखी काही? आणि कोल्हापुरात राहून यात करिअर होतं का?" सोबत त्यानं एका गाण्याची फाइलही पाठवली आहे.

भावा, ३०३ आणि मूग या जुन्या सिंथ मशीनचं नंतर बोलू. आधी तुझी फाइल उघडली तेव्हा काय दिसलं ते सांगतो, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथंच आहे.

गाणं १२४ बीपीएमवर आहे, मिनिटाला १२४ ठोके. म्हणजे एका किकपासून पुढच्या किकपर्यंत ४८४ मिलिसेकंद. तुझा बेस बरोबर मधोमध, २४२ मिलिसेकंदांवर सुरू होतो. ही ऑफबीटची जागा हाउसमध्ये पहिल्यापासून चालत आलेली आहे, तिथं तू चुकला नाहीस. नोट एका सोळाव्या भागाची, म्हणजे १२१ मिलिसेकंद. इथवर सगळं ठीक. पण एनव्हलपमध्ये (आवाज चढण्या-उतरण्याच्या सेटिंगमध्ये) रिलीज ३०० वर ठेवलाय. बोट उचलल्यावरही आवाज ३०० मिलिसेकंद रेंगाळतो. बेरीज कर: २४२, त्यात १२१, त्यात ३००. झाले ६६३. पुढची किक येते ४८४ वर. म्हणजे तुझा बेस प्रत्येक ठोक्याला जवळजवळ १८० मिलिसेकंद किकच्या अंगावर सांडतोय. हेडफोनमध्ये आवाज थेट कानाजवळ असतो, खोली मधे येत नाही, म्हणून ही सांडलवंड भरीवपणा वाटते. डॉल्बीवर तोच अठरा इंची कोन एकाच वेळी किकही वाजवतो आणि मागचा बेसही ओढतो. मग गुरगुर उरते. ती झाकायला तू साइडचेन (किक वाजली की बेस आपोआप दाबणारी सोय) लावलास, तोही इतका जोरात की सगळं गाणं पंपासारखं वरखाली होतंय.

मी साइडचेन काढून टाकला आणि फक्त दोन आकडे बदलले. नोट १०० मिलिसेकंद, रिलीज ४०. आता बेस ३८२ वर संपतो आणि किक यायच्या आधी शंभरेक मिलिसेकंद खाली काहीच नसतं. तोच थ्रीएक्स-ऑस्क (एफएल स्टुडिओतला साधा सिंथ), तेच सूर. गोडाऊनमधल्या बेसपेट्यांवर लावून पाहिलं, किक छातीवर आली.

पण लांबी कापायची म्हणून वाटेल तेवढी कापू नको. तुझा मूळ सूर पांढरी सहा, खालच्या सप्तकातला, ५५ हर्ट्झ. त्याचं एक आवर्तन १८ मिलिसेकंदांचं. शंभर मिलिसेकंदांच्या नोटेत जेमतेम साडेपाच आवर्तनं बसतात. तीच नोट ४० वर आणलीस तर दोनच आवर्तनं होतात आणि कानाला सूर कळतच नाही, नुसता 'थप' ऐकू येतो. अटॅकही, म्हणजे आवाज पूर्ण चढायला लागणारा वेळ, अगदी शून्य ठेवू नको. दोन ते पाच मिलिसेकंद दे, नाहीतर प्रत्येक नोटेच्या तोंडाशी टिचकी वाजते.

मला या धंद्यात वीस वर्षांहून जास्त झाली. बेसबद्दल मी जे काही शिकलो त्यातलं सगळ्यात मोठं हेच की बेस कुठं सुरू होतो यापेक्षा तो कुठं थांबतो यावर ठेका चालतो. हे मला कुठल्या मॅन्युअलनं शिकवलेलं नाही. देवल क्लबात मागच्या रांगेत बसून तबला ऐकताना ते पहिल्यांदा लक्षात आलं. डग्ग्याचा घुमारा किती वेळ उघडा ठेवायचा आणि मनगटानं कधी दाबायचा, एवढ्यावर तोच ठेका कधी चालतो, कधी जागीच बसतो. खासबागेत कुस्तीच्या आधी हलगी वाजते तेव्हाही बघ. वरून हलगी कडाडते, खालून घुमकं घुमतं, आणि घुमकं मधेच थांबतं तेव्हाच अंगावर काटा येतो. आपल्या कानाला हे लहानपणापासून माहीत आहे. फक्त स्क्रीनवर चौकोन काढताना आपण ते विसरतो.

दुसरी गोष्ट तुझी खोली. दहा बाय दहाची, असं लिहिलंयस. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जो सर्वांत खालचा सूर अडकून उभा राहतो तो निघतो ५६ हर्ट्झच्या आसपास. तुझी पांढरी सहा ५५ वर. म्हणजे तुझी खोली आणि तुझं गाणं अगदी एकाच सुरात आहेत. खोली चौरस असल्यामुळे लांबीतही ५६ आणि रुंदीतही ५६, त्यामुळे त्रास दुप्पट. आता खोलीच्या बरोबर मध्यभागी खुर्ची टाकून बसलास तर तो सूर जवळपास नाहीसा होतो, आणि भिंतीला पाठ टेकलीस तर फुगून येतो. तू मध्यावर बसत असणार, म्हणून बेस कमी वाटतो, म्हणून तू तो वाढवतोस, आणि बाहेर गेल्यावर तो सगळ्यांना गाडून टाकतो.

यावर मोठा खर्च नको. टेबल एका भिंतीकडे सरकव आणि खुर्ची अशी ठेव की समोरच्या भिंतीपासून तुझं डोकं खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर येईल, म्हणजे पावणेचार-चार फुटांवर. कोपऱ्यांत जाड कापसाच्या गाद्या गुंडाळून जमिनीपासून छतापर्यंत उभ्या कर. ५६ हर्ट्झची लाट सहा मीटर लांब असते. गादी तिला पूर्ण गिळणार नाही, पण वरचा गडगडाट बराच कमी करेल. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवू नको. बेसवर त्यांचा काडीचा परिणाम होत नाही, आणि आग लागली तर ते भुरकन पेटतात. मग दर आठवड्याला एकदा तरी गाणं दुसऱ्या कुठल्यातरी स्पीकरवर ऐक. वडिलांच्या टेम्पोतला टेप चालेल.

फोनवरही ऐक. फोनच्या स्पीकरमधून दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खालचं फारसं काही येत नाही, तरीही चांगला बेस फोनवर ओळखू येतो. कारण २७५, ३३०, ३८५ असे वरचे स्वरांश ऐकू आले की कान खालचा ५५ स्वतःच भरून काढतो. नुसता साइन वेव्हचा सब (अगदी खालचा बेस) ठेवलास तर त्यात वरचे स्वरांशच नसतात, आणि फोनवर तुझ्या गाण्याला बेसच उरत नाही. थोडं सॅच्युरेशन दे, म्हणजे आवाज किंचित फाडून स्वरांश वाढव, किंवा मुळातच स्वरांशांनी भरलेल्या सॉ किंवा स्क्वेअर वेव्हपासून सुरुवात कर.

तिसरी गोष्ट माझ्या अंगावर आलेली. सुरुवातीच्या काळात मला गोव्यात एका ठिकाणी एक तास मिळाला होता. चार महिने खपून बनवलेलं गाणं शेवटी ठेवलं होतं. बेसला मी सात आवाजांचा युनिसन आणि डीट्यून (एकाच सुराच्या सात प्रती, प्रत्येक किंचित बेसूर) लावला होता, डाव्या-उजव्या बाजूला पसरवून. हेडफोनमध्ये डोकं भरून जायचं. गाणं सुरू केलं आणि बेस आलाच नाही. किक आहे, हाय-हॅट आहे, मधे पोकळी. समोरची माणसं दोन मिनिटांत बाजूला झाली. तिथली सिस्टीम मोनो होती, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून एकच आवाज. डाव्या आणि उजव्या बाजूच्या लाटा एकमेकींच्या उलट्या होत्या, एकत्र आल्या आणि एकमेकींना खाऊन बसल्या. परतीच्या ट्रॅव्हल्समध्ये रात्रभर मला झोप लागली नाही. तेव्हापासून १२० हर्ट्झच्या खाली माझ्या गाण्यात सगळं मोनो असतं, आणि मास्टरवर मोनोचं बटण दाबून ऐकल्याशिवाय फाइल बाहेर जात नाही. आपल्याकडच्या मांडवातल्या, हॉलमधल्या, छोट्या क्लबमधल्या बहुतेक बेसपेट्या मोनोच वाजतात हे धरूनच चाल.

आता मशीनकडे येऊ. इथं जरा सविस्तर लिहितो, कारण विकत घ्यायच्या आधी तुला हा इतिहास माहीत असायला हवा. त्यात करिअरचं उत्तरही आहे.

टीबी-३०३ रोलंडनं १९८१ मध्ये आणलं. तादाओ किकुमोतो यांनी ते बनवलं. टीआर-९०९ हे ड्रम मशीनही त्यांचंच. एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेस गिटारची साथ मिळावी हा ३०३चा हेतू. बेस गिटारसारखं ते अजिबात वाजलं नाही, १९८४ मध्ये बंद पडलं आणि जुन्या बाजारात मातीमोल भावानं गेलं. शिकागोतल्या फ्यूचर या गटाच्या पोरांनी असंच एक जुनं ३०३ घेतलं आणि पॅटर्न चालू ठेवून आवाज उजळ-मंद करणारी कटऑफ, रेझोनन्सची बटणं फिरवत बसले. त्यातून 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' निघालं, १९८७ मध्ये बाजारात आलं आणि अ‍ॅसिड हाउस नावाचा प्रकारच सुरू झाला. या मशीनमध्ये एकच ऑसिलेटर (मूळ लाट तयार करणारा भाग) आहे, सॉ नाहीतर स्क्वेअर. जादू आहे ती स्लाइड आणि नोटेवर जोर देणाऱ्या अ‍ॅक्सेंटमध्ये. स्लाइड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरणं, डग्ग्यावर मनगट सरकवल्यावर होतं तसं.

आणि हे आपल्या जवळच्या माणसाला फ्यूचरच्याही आधी कळलं होतं. चरणजित सिंग. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी जुपिटर-८ सिंथ, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि टीबी-३०३ घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि त्याची रेकॉर्ड काढली. शिकागोच्या पाच वर्षं आधी. ऐकशील तर थक्क होशील. रागातली मींड त्यांनी ३०३च्या स्लाइडमधून काढली आहे. तेव्हा त्या रेकॉर्डकडे फारसं कुणी पाहिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, जगभर गाजली, आणि सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग परदेशात जाऊन हे संगीत प्रत्यक्ष वाजवून आले. २०१५ मध्ये ते गेले. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. त्यांनी कुणाची नक्कल केली नाही, कारण नक्कल करायला तेव्हा समोर कुणी नव्हतंच.

मूगचं मिनीमूग मॉडेल डी १९७० चं. तीन ऑसिलेटर आणि तो प्रसिद्ध लॅडर फिल्टर. आवाज जाड, गोल, उबदार. उत्तम वाद्य आहे, पण तुझ्यासारख्या नवख्या हाताला तीन ऑसिलेटर म्हणजे लगेच डीट्यून करून जाड करण्याचा मोह. तू आत्ता त्याच मोहात अडकलायस.

शिकागोचे हाउस संगीतकार लॅरी हर्ड मुळात ड्रमवादक. 'कॅन यू फील इट' मधला बेस त्यांनी जुनो-६० वर वाजवला. ते वाद्य कॉर्डसाठी बनवलेलं, सहा आवाजांचं, एका व्हॉइसला एक ऑसिलेटर आणि खाली एक सब. तो बेस ऐकताना सुरांकडे लक्ष देऊ नको, प्रत्येक नोट कुठं सुटते ते ऐक. ड्रमवाल्याचा हात लगेच कळतो. पुढं तर लोकांनी कारखान्यातून आलेले प्रीसेटच वापरले. यामाहाच्या टीएक्स-८१झेड मधला 'लेटली बेस' असंख्य गाण्यांत आहे. कॉर्ग एम-१ मधला 'ऑर्गन २' हा तर बेसचा आवाजसुद्धा नाही. स्टोनब्रिजनं तो रॉबिन एसच्या 'शो मी लव्ह'च्या रिमिक्समध्ये खाली उतरवून वाजवला आणि १९९३ पासून अख्खं जग तोच आवाज बेस म्हणून ओळखतं. प्रीसेट वापरला म्हणून त्या गाण्याची किंमत कमी झाली नाही.

तेव्हा माझं स्पष्ट मत: आत्ता लगेच काही घेऊ नको. सहा महिने तुझ्याकडे आहे त्याच थ्रीएक्स-ऑस्कवर काढ. पहिल्या ऑसिलेटरला सॉ, दुसऱ्याला स्क्वेअर एक सप्तक खाली आणि निम्म्या आवाजात, तिसरा बंद. वरची पांढरी सहा वाजव, ११० हर्ट्झची. मग खालचा ५५ आपोआप सबमधून येतो आणि वरचे स्वरांशही मिळतात. लो-पास फिल्टर २५०च्या आसपास, रेझोनन्स अगदी थोडा, फिल्टरच्या एनव्हलपचा डिके १५० मिलिसेकंद. एवढ्यावर दहा गाणी पूर्ण कर. अर्धवट लूप नकोत, पूर्ण गाणी. एफएमचा (एका लाटेनं दुसरीला हलवून काढलेला) कडक बेस हवा असेल तर डेक्स्ड हा सॉफ्टवेअर सिंथ फुकट मिळतो, त्यात यामाहाच्या डीएक्स-७ ची सगळी रचना आहे. व्हायटल आणि सर्जसुद्धा फुकट आहेत.

दहा गाण्यांनंतरही हात शिवशिवत असतील तर एकच मोनो सिंथ (एका वेळी एकच सूर वाजवणारा) घे. त्यात सबऑसिलेटर असावा आणि प्रत्येक कामाला स्वतंत्र बटण किंवा स्लायडर असावा, मेनूत शिरायला लागू नये. रोलंडच्या १९८२ च्या एसएच-१०१ च्या धर्तीवरचं कुठलंही चालेल: एक ऑसिलेटर, खाली सब, समोर स्लायडर. किंवा नोव्हेशनचं बास स्टेशन टू, ज्यात अ‍ॅसिड नावाचा वेगळा फिल्टर आहे, म्हणजे ३०३ची हौसही थोडी भागते. नुसती ३०३ची नक्कल पहिलं मशीन म्हणून घेऊ नको. तो एकाच प्रकारचा आवाज आहे, आणि खालचा सब त्यात नाही. चाळीस हजारांतले काही आत्ताच मॉनिटर (मिक्स ऐकायचे स्पीकर) आणि ऑडिओ इंटरफेससाठी (लॅपटॉपला स्पीकर जोडायची पेटी) बाजूला काढ. ऐकूच नीट येत नसेल तर महागडं मशीन काय कामाचं? ऑनलाइन परदेशातून मागवणार असलास तर कस्टमचे पैसे आधी विचारून घे. मी एकदा न विचारता मागवलं होतं, आणि डिलिव्हरीवाला दारात उभा असताना शेजाऱ्यांकडून उसने घ्यावे लागले.

करिअर. मार्शल जेफरसन यांचं 'मूव्ह युवर बॉडी' १९८६ चं, हाउसचं राष्ट्रगीत म्हणतात त्याला. 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'चे निर्मातेही तेच. हा माणूस शिकागोच्या टपाल कार्यालयात रात्रपाळी करायचा. चरणजित सिंग आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवत राहिले. म्हणून वर्कशॉप सोडू नको. हे मी घाबरवायला सांगत नाही. महिन्याचा हप्ता गाण्यावर अवलंबून असला की माणूस लग्नात चालेल असंच गाणं करायला लागतो आणि त्याचा कान वर्षभरात मोडतो. माझं घर हॉलच्या साउंड सिस्टीम बसवण्यावर, भजनी मंडळं आणि स्थानिक गायकांच्या रेकॉर्डिंगवर आणि शिकवण्यावर चालतं. माझ्या हाउसच्या रेकॉर्ड परदेशातल्या छोट्या लेबलांवर निघतात, त्याचे पैसे सगळ्यात कमी आणि समाधान सगळ्यात जास्त.

कोल्हापुरात राहून होतं. क्लब इथं नाहीत, उघड्यावरचे स्पीकर दहाला बंद, त्यामुळे वाजवायला पुणे, मुंबई, गोवा गाठावं लागतं. पण बनवायला कोल्हापूरच बरं. घरचं जेवण, कमी भाडं, आणि उद्यमनगरात स्पीकरची पेटी सांगाल त्या मापाची करून देणारे हात. लेबलला तू कुठं राहतोस याचं काही पडलेलं नसतं. तुझी चार गाणी ऐकून पाचवं तुझंच आहे हे त्याला ओळखता आलं पाहिजे, आणि ती ओळख हाउसमध्ये बहुतेक वेळा बेसमधूनच येते. म्हणून दर गाण्याला नवा सिंथ नको. गाणी निघायला लागली की संगीतकार म्हणून आयपीआरएसचं (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सभासदत्व घे, प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी क्रमांक (रेकॉर्डिंगची ओळख) लिहून ठेव, आणि कुणाशीही दोन ओळींचा का होईना लेखी करार कर. मी पहिली तीन गाणी तोंडी शब्दावर दिली होती. आज त्यांच्यावर माझं नावही नाही.

आणि कान सांभाळ, हे हात जोडून सांगतो. तरुणपणी मी सात गणपती सलग डॉल्बीच्या पेट्यांसमोर उभा राहून काढले. डाव्या कानाचा वरचा पट्टा गेला, तो परत येत नाही. हाय-हॅट आजही मी उजव्या कानानं तपासतो. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, ८८ ला चार, प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. मिरवणुकीत पेट्यांसमोर किती असतं ते मीटरवर एकदा बघ. संगीतकारांचे इअरप्लग मिळतात, ते आधी घे, सिंथच्याही आधी. घरीही हळू आवाजात मिक्स कर. समोरच्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलता आलं पाहिजे इतपतच.

येत्या रविवारी दुपारी मोकळा असलास तर गोडाऊनवर ये. दोन डबल अठराचे बेस जोडलेलेच असतात. फाइल वेव्हमध्ये आण, एमपीथ्री नको, किक आणि बेस वेगवेगळ्या ट्रॅकवर, साइडचेन काढून. रिलीज ३०० ची एक आणि ४० ची एक, अशा दोन प्रती कर. कुठली कुठली ते मला सांगू नको.